जाळीचे दार : गृहस्थाचा यत्नाचार

छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. मलिक अंबराने 1612 मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा, खाम नदीच्या बाजूचा मकई दरवाजा, दक्षिणेचा पैठण दरवाजा, अशी कितीतरी नावे जुन्या रहिवाशांच्या तोंडी आहेत. कोणाला आत घ्यावे, कोणाला बाहेर ठेवावे आणि ते कोणत्या वेळी, याचा निर्णय करणारी वस्तू म्हणजे दरवाजा. शहराच्या दरवाजांचे ते काम आता संपले आहे. घराच्या दरवाजाचे मात्र संपलेले नाही, आणि संपणारही नाही.

आषाढ लागतो, पहिले दोन-तीन दमदार पाऊस होतात आणि या प्रश्नाचे स्वरूप बदलते. स्वयंपाकघरात माशा घोंगावू लागतात. दिवेलागणीला पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्याकडे झेपावतात आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा सडा पडलेला दिसतो. डास तर पाऊस संपला तरी हलत नाहीत. ज्या चातुर्मासात जीवजंतूंची उत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी स्थिर होतात, त्याच चातुर्मासात श्रावकाच्या घरात या जीवांशी रोज गाठ पडते. साधू स्थिर होऊन हिंसा टाळतात. गृहस्थाला दुकान आहे, स्वयंपाक आहे, लहान मुले आहेत, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत. त्याने काय करावे?

या प्रश्नाचे एक साधे, स्वस्त आणि बहुतेकांच्या घरात अर्धवट असलेले उत्तर म्हणजे जाळीचे दार.

मारणे आणि अडविणे

बाजारात कीटकांसाठी जी साधने मिळतात, त्यांतील बहुतेक साधने मारण्याची आहेत. विजेची रॅकेट, निळ्या दिव्याभोवती तारा असलेले यंत्र, चिकट कागद, फवारा, अगरबत्तीसारखी जळणारी कॉइल, प्लगमध्ये लावायची बाटली. ही साधने इतकी अंगवळणी पडली आहेत की सकाळी देवदर्शन करून आलेला हात संध्याकाळी रॅकेट फिरवितो आणि त्यातून येणाऱ्या ‘तडतड’ आवाजाचे लहान मुलांना कौतुक वाटते. ते कौतुकच अधिक चिंतेचे आहे.

जैन आचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाक, झाडलोट अशा गृहकृत्यांत अपरिहार्यपणे होणारी ती आरंभी. व्यवसायात होणारी ती उद्योगी. स्वतःच्या व आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी ती विरोधी. या तिन्ही शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी गृहस्थाकडून अपेक्षा आहे. संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने मारणे, ही मात्र त्याने पूर्णपणे टाळावयाची असते. डासापासून तान्ह्या मुलाचे रक्षण करणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु रक्षणाचा अहिंसक उपाय दाराशी उपलब्ध असताना मारण्याचा उपाय निवडला, तर त्या कृतीला विरोधी म्हणावे की संकल्पी, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांची इंद्रिये क्रमाने वाढत गेलेली सांगितली आहेत. कृमीला दोन, मुंगीला तीन, भ्रमराला चार आणि मनुष्याला पाच. माशी व डास हे भ्रमराच्या वर्गातले, म्हणजे चतुरिंद्रिय. स्पर्श, रस, गंध आणि रूप या चारही गोष्टी त्यांना कळतात. आधुनिक कीटकशास्त्रानेही हे वेगळ्या भाषेत नोंदविले आहे. माशीला पायांनी चव कळते. डासाची मादी आपल्या श्वासातील कर्बवायू आणि अंगाची ऊब यांच्या मागाने आपल्यापर्यंत पोहोचते. चावते ती मादीच, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्ताची आवश्यकता असते.

मुनींच्या बावीस परीषहांमध्ये ‘दंशमशक’ हा एक स्वतंत्र परीषह आहे. डास, गोमाशा यांचे दंश समभावाने सहन करावयाचे, त्यांना हुसकावयाचेही नाही. वेरूळच्या जैन लेण्यांत अंगावर वेली चढलेले बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत, ते याच सहनशीलतेचे शिल्प होय. तो मार्ग महाव्रतींचा. अणुव्रतींसाठी मधली वाट आहे, आणि त्या वाटेवर जाळीचे दार उभे आहे: मारावयाचे नाही, आणि घरातल्या दुर्बलांना आजारी पडू द्यावयाचेही नाही.

गाळण्याची जुनी परंपरा

जाळीचे दार ही आधुनिक वस्तू असली, तरी तिच्यामागील विचार जैन घराला नवा नाही. पाणी गाळून पिणे ही श्रावकाची पहिली ओळख. दुपदरी जाड वस्त्रातून पाणी गाळावयाचे आणि वस्त्रावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतून पाणी आणले तिथेच हलक्या हाताने परत सोडावयाचे. यात दोन गोष्टी एकाच वेळी साधतात. पाणी शुद्ध होते आणि जीवही आपल्या ठिकाणी परत जातात. स्थानकवासी साधू-साध्वींच्या मुखावरील मुखवस्त्रिका हेही एका अर्थाने गाळणेच आहे. दिगंबर मुनींची मोरपिच्छी आणि श्वेतांबर साधूंचे रजोहरण हे बसण्याआधी जागेवरचे जीव अलगद बाजूला सारण्यासाठी असते. दाराची जाळी ही याच कुळातली. जसे पाणी गाळून घ्यावयाचे, तशी घरात येणारी हवा गाळून घ्यावयाची, आणि गाळलेला जीव त्याच्या जागी, म्हणजे बाहेर, राहू द्यावयाचा.

जुन्या वाड्यांतून जाळीचे फडताळ असे. दूध, तूप, लोणी त्यात ठेवले जाई. त्याची दारे बारीक तारेच्या जाळीची असत. वारा खेळे, माशी आत येत नसे. गुलमंडी, सराफा, राजाबाजार या भागांतील जुन्या घरांत असे एखादे फडताळ अजूनही माळ्यावर सापडेल. आजीने जे फडताळाला केले, तेच नातवंडांनी संपूर्ण घराला करावयाचे आहे.

व्यापारी कुटुंबांना आणखी एक परंपरा आठवावी. गुजरातेतील काही जुन्या पांजरपोळांत ‘जीवातखाना’ असे. धान्य निवडताना निघालेले किडे टाकून न देता तिथे नेऊन सोडले जात. आज ते आचरणे अवघड आहे. परंतु एवढ्याशा जीवासाठी स्वतंत्र खोली राखणाऱ्या समाजाच्या वंशजांना दाराला जाळी बसविणे जड वाटू नये.

जाळीने काय साधते : इतिहासाची साक्ष

जाळी ही केवळ सोय आहे, आरोग्याचा खरा उपाय औषधच, असा एक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. 20 ऑगस्ट 1897 रोजी निजामाच्या राज्यातील सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचे जंतू वाढताना दिसले. आपले शहरही त्या काळी त्याच राज्यात होते. पूर्वी लोक मलेरिया दलदलीच्या दूषित हवेने होतो असे मानीत; ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. रॉस यांच्या शोधानंतर प्रश्न उरला तो असा: हवा तीच, पाणी तेच ठेवून केवळ डास अडविला तर माणूस वाचतो का?

त्याची परीक्षा 1900 साली इटलीत झाली. रोमजवळ ओस्तियाच्या दलदलीच्या प्रदेशात मलेरियाचा मोठा जोर होता. डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार डॉ. सँबन व डॉ. लो हे सहकाऱ्यांसह तिथे एका लाकडी झोपडीत राहिले. झोपडीच्या दारा-खिडक्यांना तारेची जाळी होती. दिवसा ते त्या प्रदेशात मोकळेपणाने हिंडत. सूर्यास्तापूर्वी आत येत आणि सूर्योदयानंतर बाहेर पडत. क्विनाइन त्यांनी घेतले नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतचा, मलेरियाच्या ऐन भराचा काळ त्यांनी तिथे काढला आणि त्यांना मलेरिया झाला नाही. भोवतालची वस्ती त्या तापाने फणफणत होती. औषध नाही, विष नाही. एक जाळी आणि सूर्यास्ताचा नियम. रात्रिभोजनत्याग करणाऱ्या कुटुंबांना हा दिनक्रम ओळखीचा वाटेल.

पुढे पनामा कालव्याच्या कामावर डॉ. विल्यम गॉर्गस यांनी 1904 पासून घरांना जाळ्या, पाण्याच्या पिंपांना झाकणे आणि सांडपाण्याचा निचरा यांवर भर दिला. धुरी देण्यासारखे मारण्याचे उपायही त्यांनी केले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. 1906 पर्यंत तिथला पीतज्वर संपुष्टात आला. त्याआधीच्या फ्रेंच काळातील एक गोष्ट मात्र प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. त्याच वाट्यांतील पाण्यात डास वाढले आणि त्यांनी रुग्णांना पीतज्वर दिला. आपल्याकडेही फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची चाल होती आणि काही घरांत अजून आहे. त्या वाटीत मुंगी बुडते आणि डास जन्मतो, दोन्हीकडून तोटाच. त्यापेक्षा हळदीची रेघ ओढण्याची जुनी रीत बरी.

या शहराचा विशेष प्रश्न

पीतज्वर पसरविणारा डास आणि डेंग्यू-चिकनगुनिया पसरविणारा डास एकच: एडिस इजिप्ती. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला चिकनगुनियाची मोठी साथ आली. त्यानंतर सुमारे तीन दशके हा आजार जवळजवळ विसरला गेला आणि 2006 साली तो महाराष्ट्रभर पुन्हा अवतरला. हा डास गटारात किंवा डबक्यात फारसा वाढत नाही. त्याला घरातले साठविलेले, तुलनेने स्वच्छ पाणी आवडते: हौद, पिंप, रांजण, कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी, गच्चीवरचा टायर. शिवाय तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या वेळात. म्हणून केवळ रात्री मच्छरदाणी लावून त्याच्यापासून बचाव होत नाही. दिवसभर वापरात असलेल्या दारा-खिडक्यांना जाळी हवी, ती याच कारणाने.

आता या शहराकडे पाहावे. मलिक अंबराच्या नहरीने एके काळी ज्या शहराच्या दारोदार पाणी खेळविले, त्याच शहराला पैठणच्या नाथसागरातून येणारे नळाचे पाणी वर्षानुवर्षे अनेक दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. मोठ्या व्यासाच्या नव्या जलवाहिनीच्या योजनेची पायाभरणी डिसेंबर 2020 मध्ये झाली, ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. पाणी रोज येत नाही, तेव्हा ते साठविणे भाग पडते. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. नळाच्या दोन पाळ्यांमधले अंतर आठवड्याच्या घरात गेले आणि पिंपाच्या तळाशी जुने पाणी तसेच राहिले, की डासाचे चक्र आपल्याच घरात पूर्ण होते. दाराला उत्तम जाळी आहे आणि न्हाणीघरातले पिंप उघडे आहे, अशा घरात जाळी डासांना बाहेरून आत येऊ देत नाही आणि आतून बाहेरही जाऊ देत नाही. अशा वेळी जाळीला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून जाळीचा विचार दारापाशी थांबत नाही. पिंपाला घट्ट झाकण, टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी, हौदाच्या झाकणाला फट नाही, कूलर बंद करताना टाकी कोरडी, हे सारे जाळीच्या दाराचेच भाग समजावेत. इथे अहिंसेचा प्रश्नही अगदी टोकाला येतो. पिंपात डासांच्या अळ्या एकदा झाल्या, की त्यानंतरच्या प्रत्येक मार्गात हिंसा आहे. पाणी ओतून दिले तर त्या कोरड्या जमिनीवर मरतात. औषध टाकले तर मरतात. गप्पी मासे सोडले तर ते खातात. आणि तसेच राहू दिले तर घरातले मूल तापाने आजारी पडते. एडिसची अंडी तर भांड्याच्या काठाला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी चढताच फुटतात. जीवोत्पत्ती होण्याआधी झाकण लावणे हा एकच निर्दोष मार्ग आहे. जीवोत्पत्ती होऊ न देण्यासाठी स्वच्छता आणि दक्षता राखावी, हा आपल्या आचारातील जुना उपदेश इथे डासाच्या आठ-दहा दिवसांच्या गणिताशी तंतोतंत जुळतो.

माशी आणि कचरा

डासाचा उगम आपल्या पाण्यात, तर माशीचा आपल्या कचऱ्यात. घरमाशी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते, आणि घालते ती शेणात, उकिरड्यात, कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यात. घन अन्न तिला खाता येत नाही. ती त्यावर लाळ सोडून ते पातळ करते आणि मग शोषते. उकिरड्यावरून उठून ताटावर बसलेली माशी काय घेऊन येते, हे यावरून समजावे.

फेब्रुवारी 2018 मध्ये या शहराने याचा धडा घेतला. नारेगावच्या कचरा डेपोमुळे तिथल्या व आसपासच्या गावांतील लोक अनेक वर्षे दुर्गंधी, माशा आणि दूषित पाणी सहन करीत होते. अखेर त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि नारेगावला कचरा टाकण्यास मनाई झाली. मार्चमध्ये मिटमिटा-पडेगाव भागात कचरा टाकण्यावरून हिंसक संघर्ष झाला. शहरात रस्त्यांच्या कडेला, चौकांत, बाजारपेठांत कचऱ्याचे ढीग महिनोन्‌महिने साचले. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी येथे प्रक्रिया केंद्रांची व्यवस्था करावी लागली.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दाराला जाळी नसलेल्या घरांना आपली चूक कळली. परंतु त्याहून मोठा बोध दुसरा आहे. ज्या माशा त्या वर्षी शहरातील ताटांवर बसल्या, त्या नारेगावच्या ताटांवर आधीची अनेक वर्षे बसत होत्या. शहराने आपला कचरा नजरेआड केला होता. त्यातली माशी नाहीशी झाली नव्हती, दुसऱ्याच्या दारात गेली होती. आपल्या दाराला जाळी लावून ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवणारा श्रावक आपली माशी शेजाऱ्याला देतो. ओला कचरा वेगळा करणे, तो रोजच्या रोज देणे किंवा घरीच मातीआड करून खत करणे, हा जाळीच्या दाराचा बाहेरचा अर्धा भाग आहे. जैन घरांत फळभाज्यांच्या साली-देठांचा ओला कचरा पुष्कळ निघतो. म्हणून ही जबाबदारी आपल्यावर थोडी अधिकच आहे.

जाळी कशी असावी

जाळीचा कस ‘मेश’वर ठरतो. एका इंचात किती छिद्रे बसतात, तो आकडा म्हणजे मेश. माशी अडविण्यास इंचाला 14 पुरेत. डासासाठी किमान 16 हवीत आणि छिद्राची रुंदी सुमारे 1.2 मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. हिशेब सोपा आहे. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याला 16 ने भागले की सुमारे 1.6 येतात, त्यातून तारेची जाडी, साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर, वजा केली की छिद्र 1.2 ते 1.3 मिलिमीटरचे उरते. तार फार बारीक असेल, तर 16 मेशची जाळीही डासाला किंचित मोकळी पडते. 18 मेश घेतल्यास निश्चिंती असते. खरेदी करताना पट्टी लावून एका इंचातील छिद्रे मोजावीत. मात्र हव्यासाने फारच दाट जाळी घेऊ नये. छिद्र जितके लहान, तितका वारा कमी. मराठवाड्याच्या मे महिन्यात वारा अडला, की घरातले लोक जाळीचे दार उघडे टाकतात आणि सारा खर्च वाया जातो.

फायबर ग्लासची जाळी स्वस्त, न गंजणारी आणि खिडकीला योग्य. परंतु तिच्यावर मांजराची नखे किंवा मुलांचे धक्के टिकत नाहीत. गॅल्वनाइज्ड लोखंडी जाळी काही वर्षांनी गंजते. रोजच्या वापरातील मुख्य दाराला स्टेनलेस स्टीलची जाळी पहिल्या खर्चाला महाग, पण दरवर्षीचा खर्च मांडला तर बहुधा स्वस्त पडते. जागा अडचणीची असेल तिथे घडीची सरकती जाळी उपयोगी पडते. तिचा खालचा ट्रॅक मात्र धुळीने भरतो आणि तो नियमाने झाडावा लागतो. भाड्याच्या घरात खिडकीला वेल्क्रोची जाळी लावता येते.

दार बसविताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली: चौकटीचे माप वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी घ्यावे, जुन्या बांधकामात चौकटी क्वचितच सरळ असतात. दुसरी: जाळीचे दार शक्यतो बाहेर उघडावे. माशा बाहेरच्या अंगाने जाळीवर बसलेल्या असतात. दार आत उघडले तर त्या दारासोबत आत येतात, बाहेर उघडले तर बाजूला होतात. तिसरी: दार आपोआप मिटणारे हवे, स्प्रिंग किंवा क्लोजर नसलेले जाळीचे दार दिवसातून निम्मा वेळ उघडेच असते. आणि चौथी: खालची फट. उत्तम जाळीच्या दाराखाली बोटभर फट राहिलेली पुष्कळ घरांत दिसते. तिथे ब्रशची पट्टी लावावी. बिजागऱ्यांच्या बाजूची आणि दोन झडपांमधली फटही तशीच पाहावी. तिजोरीचे दार जाड आणि मागची खिडकी उघडी, असा हा व्यवहार होऊ नये.

दिव्याचाही विचार व्हावा. कीटकांना अतिनील व निळसर प्रकाश अधिक खेचतो. दाराजवळ पिवळसर, मंद दिवा असावा आणि तो थेट दारावर नसून काही अंतरावर असावा. आतला दिवा लावण्यापूर्वी जाळीचे दार मिटलेले आहे ना, हे पाहण्याची सवय मुलांनाही लावावी. चुकून एखादा जीव आत आलाच, तर पेल्याने झाकून, खाली जाड कागद सरकवून, तो बाहेर सोडता येतो. जिवाणीचीच ही रीत, फक्त पाण्याऐवजी हवेतल्या जीवासाठी. आणि जाळी धुवावी: महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही; तसेच तिच्या कोपऱ्यांत कोळी जाळी विणतात आणि त्यात अडकून जीव मरतात.

चौका, भोजनशाळा आणि दुकान

ज्या घरी मुनींसाठी चौका लागतो, त्या घराला जाळीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पडगाहन झाले, नवधाभक्ती झाली, आहार सुरू झाला आणि अन्नात जीव आढळला, तर अंतराय होतो. चोवीस तासांतून एकदाच आहार घेणारे मुनी त्या क्षणी आहार सोडतात आणि श्रावकाच्या घरी सारा दिवस हळहळ राहते. चौक्याच्या खोलीला चातुर्मासापूर्वीच जाळी बसवून, तिच्या फटी तपासून ठेवणे ही आहारदानाचीच पूर्वतयारी होय. क्षेत्रांच्या भोजनशाळा, धर्मशाळा, स्थानके आणि उपाश्रय यांच्या विश्वस्तांनीही याकडे लक्ष द्यावे. संगमरवराच्या पाटीवर जाळीच्या दाराच्या दात्याचे नाव क्वचितच कोरलेले आढळते. पण त्या दानाचा उपयोग रोज दोन वेळा होतो.

खाद्यपदार्थांच्या व्यापारात असलेल्यांना तर हा कायद्याचाही विषय आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांतील चौथ्या अनुसूचीत, खाद्यव्यवसायाच्या जागेची दारे-खिडक्या कीटक अडविणाऱ्या जाळीने सुरक्षित असाव्यात, दारांना आपोआप मिटणाऱ्या स्प्रिंग असाव्यात आणि जाळी काढून स्वच्छ करता यावी, अशी अपेक्षा आहे. मिठाई, फरसाण, पीठगिरणी, मसाले, किराणा या धंद्यांतील आपल्या बांधवांनी निरीक्षक येण्याची वाट पाहू नये. ज्या दुकानात दार सतत उघडेच ठेवावे लागते, तिथे दाराच्या माथ्यावरून हवेचा जोरदार झोत सोडणारे यंत्र किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावता येतो. दुकानातल्या काचेच्या कपाटावर जळणारे निळ्या दिव्याचे यंत्र मात्र काढून टाकावे. ग्राहकासमोर मिठाई आणि शेजारी चतुरिंद्रिय जीवांची होळी, हे जैन पेढीला शोभत नाही.

दुकानातला नोकरवर्ग आणि घरी काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या घरांचाही विचार यात यावा. ज्यांच्या घरी पाणी साठविण्यास धड झाकणाचे पिंपही नसते, त्यांच्या मुलांना डेंग्यू आधी गाठतो. दिवाळीच्या बोनसबरोबर एखाद्या वर्षी झाकणाचे पिंप आणि खिडकीची जाळी दिली, तर तो अभयदानाचाच एक प्रकार ठरेल: त्या मुलांना अभय, आणि न जन्मलेल्या, न मारल्या गेलेल्या जीवांनाही.

पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या अखेरीस आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ किंवा ‘उत्तम क्षमा’ म्हणताना डोळ्यांपुढे बहुधा माणसेच असतात: भाऊ, जाऊ, भागीदार, शेजारी. परंतु ज्यांची क्षमा मागावयाची त्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींत डास आणि माशीही आहेत. पुढील चातुर्मास लागण्यापूर्वी सुताराला किंवा अ‍ॅल्युमिनियमचे काम करणाऱ्या कारागिराला बोलवावे, दाराखालची बोटभर फट बुजवावी, पिंपांची झाकणे तपासावीत आणि रॅकेट कपाटावरून उतरवून टाकावी. मग संवत्सरीला क्षमा मागण्याजोग्या गोष्टींची यादी थोडी आखूड झालेली असेल.